वाघ आवडतो म्हणून?

माझ्या मामांची धाकटी मुलगी यंदा बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. विषय प्राणिशास्त्र. पुढे तिला वन्यजीवशास्त्रात एम.एस्सी. करायची आहे आणि मामांचा त्याला ठाम विरोध आहे. असा विरोध करणाऱ्या बहुतेक आईवडिलांना विषयाची माहिती नसते. इथे तसं नाही. मामा चंद्रपूर जिल्ह्यात वनपाल म्हणून लागले आणि वनक्षेत्रपाल म्हणून निवृत्त झाले. जंगल त्यांनी माझ्यापेक्षा कितीतरी जास्त पाहिलं आहे. मी हाच विषय शिकले आणि त्याच कामावर जगते. निकालांचा मोसम आला की ओळखीपाळखीच्या मुलामुलींचे हेच प्रश्न माझ्याकडे येतात. पण मामांइतक्या नेमक्या हरकती कुणी घेतल्या नव्हत्या. म्हणून आमचं बोलणं इथे देते आहे. बाजू मी घेतलेली आहे, ती लपवत नाही.

मामा: ती बंगलोर-डेहराडूनचे फॉर्म भरून राहिली आहे, तुझ्याच सांगण्यावरून. आधी एक सांग. तिला विचारलं कायले करतेस हे, तर म्हणते, मला वाघ आवडतात. आवडतात म्हणून डिग्री घ्यायची?

मी: नाही घ्यायची. एवढंच कारण असेल तर मीच तिला अडवीन. या अभ्यासात वाघ फारसा दिसतही नाही, मामाजी. त्याची विष्ठा दिसते, झाडावरचे ओरखडे दिसतात, कॅमेऱ्याच्या कार्डातले हजारो फोटो दिसतात आणि त्यांत गावची गुरं नि वाऱ्याने हललेलं गवतच जास्त. ते सगळं खोलीत बसून निवडायचं, तक्त्यात भरायचं, मग त्यावर गणित करायचं. वर्गात सगळ्यात जास्त घाम काढतं ते संख्याशास्त्र.

मामा: गणित नको म्हणून तर तिने बायोलॉजी घेतलं!

मी: मग हे तिला आजच सांगा. गणित टाळायला जी मुलं इकडे येतात, ती पहिल्या सत्रातच हबकतात.

मामा: आणि आम्ही काय करत होतो मग? पस्तीस वर्षं आमच्या खात्याने वाघ मोजले, ते काय कॉम्प्युटरवर? उन्हाळ्यात पायवाटेवर माती चाळून टाकायची, सकाळी पगमार्क घ्यायचा. काचेवर मागचा डावा पंजा उतरवायचा, मग कागदावर. प्लॅस्टरचे ठसे काढायचे. माझ्या बीटमधली वाघीण मी पंजावरून सांगायचो. आजही सांगीन.

मी: तुमची वाघीण तुम्ही सांगाल, त्याबद्दल मला शंका नाही. रोज त्याच वाटेने फिरणाऱ्या माणसाचा डोळा वेगळाच असतो. ओडिशाच्या सरोज राज चौधरींनी 1966च्या सुमाराला ही पद्धत बसवली, तेव्हा असाच डोळा त्यांच्या मनात असणार. पण देशभरातले हजारो कागद एका टेबलावर आले की कुणाचा डोळा चालवायचा? ओल्या मातीत पंजा एक दिसतो, कोरड्या धुळीत दुसरा. एकाच वाघाचे दोन झाले तर कळणार कसं? आणि जिथून ठसाच मिळाला नाही तिथे वाघ नाही, की तो त्या रात्री दुसऱ्या वाटेने गेला? ही पद्धत स्वतःची चूक दाखवत नव्हती, हा तिचा खरा दोष. 2002च्या गणनेत देशात 3,642 वाघ निघाले. राजस्थानातल्या सरिस्काच्या जंगलातही कागदावर डझनाहून जास्त होते. 2005 साली कळलं की तिथे एकही उरलेला नाही.

मामा: ते शिकाऱ्यांनी मारले. पद्धतीने नाही मारले.

मी: मारले शिकाऱ्यांनीच. पण ते मरत होते तेव्हा आपण कागदावर त्यांना जिवंत ठेवत होतो. आकडा खरा असता तर आरडाओरडा दोन वर्षं आधी झाला असता.

इथे मामा गप्प राहिले आणि मी पुढे रेटलं. कॅमेरा ट्रॅपची गोष्ट सांगायची होती, कारण वन्यजीवशास्त्र म्हणजे नेमकं काय शिकवतात हे त्याइतकं दुसऱ्या कशातून कळत नाही. प्रत्येक वाघाच्या अंगावरचे पट्टे वेगळे असतात. समजा, पहिल्या फेरीत वीस वाघांचे फोटो आले. काही दिवसांनी दुसऱ्या फेरीतही वीसच आले, पण त्यांतले दहा आधीचेच. म्हणजे पहिल्या फेरीत आपण एकूण वाघांपैकी अंदाजे निम्मे टिपले होते आणि जंगलात चाळीसच्या आसपास वाघ असावेत. न दिसलेल्या वाघांचा अंदाज दिसलेल्यांच्या पुन्हा दिसण्यावरून बांधायचा, आणि तो अंदाज किती हलू शकतो तेही सोबत सांगायचं. उल्हास कारंतांनी नागरहोळेच्या जंगलात नव्वदच्या दशकात हे करून दाखवलं. सरिस्कानंतर हीच वाट देशाने धरली. 2006च्या मोजणीत आकडा 1,411 आला. 2022चा अंदाज 3,682 आहे, त्यात महाराष्ट्राचे 444.

मामा: कारंतांचं नाव तू घेतलंस म्हणून विचारतो. ते मूळचे मेकॅनिकल इंजिनिअर ना? आणि सलीम अली? त्यांच्याकडे तरी कुठली डिग्री होती? आमचे चितमपल्ली साहेब कोइंबतूरला वनखात्याचं प्रशिक्षण घेऊन आले आणि पुढचं सगळं जंगलातल्या माणसांकडून, पारध्यांकडून, गोंडांकडून शिकले. ही तिन्ही माणसं तुमच्या डिग्रीवाचून झाली.

मी: सलीम अलींचं उदाहरण सगळेच देतात आणि अर्धंच देतात. विद्यापीठाची पदवी नव्हती म्हणून प्राणी सर्वेक्षण विभागातली पक्षितज्ज्ञाची जागा त्यांना मिळाली नाही. मग ते बर्लिनला गेले आणि एर्विन श्ट्रेझेमानच्या हाताखाली शिकून आले. म्हणजे शिकणं चुकलं नाही, फक्त ते समुद्रापलीकडे जाऊन करावं लागलं. कारंतही इंजिनिअरिंग झाल्यावर फ्लोरिडा विद्यापीठात जाऊन वन्यजीवशास्त्रच शिकले. राहिले चितमपल्ली. त्यांच्यासारखं लिहिणारा माणूस कुठल्याच कॉलेजातून निघत नाही, हे मान्य. पण त्यांनी पाहून लिहून ठेवलं म्हणून ते आज आपल्या हातात आहे. त्यांच्याइतकंच पाहिलेले किती वनमजूर काही न लिहिता गेले?

मामा: आता माझ्या मनातलं बोललीस. त्याच वनमजुरांबद्दल सांगतो. तुमची पोरं येतात पुण्या-मुंबईची. माझा वनरक्षक त्यांना पहाटे चारला उठवतो. कुठल्या नाल्याला अस्वल येतं ते दाखवतो. कॅमेरा कुठल्या झाडाला बांधायचा ते तोच सांगतो. सहा महिन्यांनी पोट्टे निघून जातात, इंग्रजीत पेपर छापतात, त्यात खाली बारीक अक्षरात 'वनविभागाचे आभार'. माझ्या वनरक्षकाचं नाव नाही. 2021च्या नोव्हेंबरात ताडोब्यात गणनेच्या कामासाठी पायी फिरणारी आमची एक पोरगी, वनरक्षक, वाघिणीच्या हल्ल्यात गेली. तुझा तो 2022चा आकडा आहे ना, तो असा गोळा झाला आहे. माझी मुलगी या धंद्यात कुणाच्या बाजूला उभी राहील, ते सांग.

याला माझ्याकडे खोडून काढणारं उत्तर नव्हतं आणि मी ते शोधलंही नाही. आपल्या देशातली वन्यजीवांची बहुतेक आकडेवारी बारावी झालेल्या वनरक्षकांच्या नि रोजंदारीवरच्या माणसांच्या पायांनी गोळा होते. हे ज्या अभ्यासक्रमात शिकवलं जात नाही, तो अपुरा आहे.

मी: त्या वनरक्षक पोरीच्या बाजूला. पण त्यासाठी तुमच्या मुलीकडे कागदावर नाव घालायचा अधिकार तरी हवा ना? पेपर लिहिणारीच ठरवते की नावं कुणाची जातील. बाहेरून राग धरून ते बदलणार नाही.

मामा: बघू. सगळे असंच म्हणून सुरुवात करतात.

मी: बरं, मग मी एक विचारते. जंगलातल्या माणसाला सगळं माहीत असतं, असं तुम्ही म्हणता. रानपिंगळ्याचं काय?

मामा: ते शहाद्याकडचं घुबड?

मी: तेच. 1884 नंतर त्याची खात्रीची एकही नोंद नव्हती. मध्ये म्हणायला एकच होती, 1914ची, गुजरातेतल्या मांडवीची, मेनर्ट्‌झहागन नावाच्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याची. सलीम अली आणि डिलन रिप्ले दोघांनीही ते शोधलं, मिळालं नाही. सगळ्यांनी ठरवलं, संपलं. मग पामेला रासमुसेन या अमेरिकन पक्षितज्ज्ञ संग्रहालयातले जुने नमुने तपासायला बसल्या. भुसा भरलेली पाखरं. त्यांच्या लक्षात आलं की हा 1914चा नमुना चोरलेला आहे. एकोणिसाव्या शतकात डेव्हिडसन या अधिकाऱ्याने खानदेशात गोळा केलेलं पाखरू उसवून, पुन्हा भरून, खोटी चिठ्ठी लावून ठेवलं होतं. ती नोंद खोटी निघाल्याबरोबर कुठे शोधायचं ते बदललं. खऱ्या जुन्या नोंदी होत्या तिथे त्या आणि त्यांचे दोन सोबती गेले. नोव्हेंबर 1997 मध्ये शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी, रानपिंगळा दिसला. पुढे तो मेळघाटातही सापडला.

मामा: आणि तिथल्या पावरा-भिल्लांना ते पाखरू दिसत नव्हतं? हा पिंगळा तर दिवसा बाहेर बसतो म्हणतात.

मी: दिसतच असणार. त्यांना कुणी विचारलं नाही, कारण चुकीची चिठ्ठी वाचून कुणी त्यांच्यापर्यंत पोचलंच नाही. दोन्ही खरं आहे, मामाजी. पावऱ्याला पाखरू दिसत होतं, पण ते जगातून गेलं असं लोक मानतात हे त्याला ठाऊक नव्हतं. संग्रहालयात बसलेल्या बाईला पाखरू दिसलं नव्हतं, पण चिठ्ठी खोटी आहे हे तिने ओळखलं. ही चिठ्ठी तपासायची सवय शाळा-कॉलेजातच लागते.

मामा: एका पाखरासाठी एवढा खटाटोप.

मी: मग गिधाडं घ्या. तुमच्या लहानपणी गावाबाहेर ढोर टाकलं की किती उतरायची?

मामा: आभाळ काळं व्हायचं. तासाभरात सांगाडा साफ. नव्वदनंतर हळूहळू दिसेनाशी झाली. आम्हाला वाटलं, झाडं तुटली, घरटी गेली.

मी: सगळ्यांना काही ना काही वाटत होतं. अनेक तज्ज्ञांना विषाणूचा रोग वाटत होता, त्यासाठी प्रयोगशाळा नमुने तपासत होत्या. इथे एक गोष्ट कामी आली. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या विभू प्रकाश यांनी भरतपूरला ऐंशीच्या दशकात शिकारी पक्ष्यांवर काम करताना गिधाडांची घरटी मोजून ठेवली होती. तेव्हा गिधाडं मुबलक होती, आणि मुबलक असलेल्या पाखरांची घरटी मोजायची तरी कशाला, असं कुणालाही वाटलं असतं. पण नव्वदच्या दशकात त्याच जागी पुन्हा मोजल्यावर घसरण ठामपणे सांगता आली. नाहीतर 'पूर्वी खूप होती' एवढंच राहिलं असतं. मग पाकिस्तानात लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सोबत्यांनी मेलेल्या गिधाडांची मूत्रपिंडं तपासली आणि गुरांना द्यायचं डायक्लोफिनॅक हे औषध दोषी ठरलं. 2004 साली ते छापून आलं. तरी लोक विचारत होते, सगळ्याच गुरांना कुठे हे औषध देतात? तिथे गणित आलं. शंभरात एकापेक्षाही कमी मढ्यांमध्ये हे औषध असलं तरी गिधाडं एवढ्या वेगाने संपू शकतात, हे आकडेमोडीने दाखवलं गेलं. 2006 साली गुरांसाठी त्यावर बंदी आली. तोवर पांढऱ्या पाठीची गिधाडं शंभरातली नव्याण्णव गेली होती.

मामा: म्हणजे उशीर झालाच.

मी: झाला. पण विषाणूच्या मागे बसलो असतो तर शंभरावं गिधाडही गेलं असतं.

गिधाडांवर मामा जरा जास्त वेळ बोलत राहिले. त्यांच्या गावचं ढोरफोडीचं ठिकाण, तिथलं सावरीचं झाड, नंतर वाढलेली कुत्री. मी मध्ये बोलले नाही. मग त्यांनी एकदम सूर बदलला आणि पैशावर आले. मुलीच्या बापाचं खरं दुखणं तिथे होतं, आणि त्यात काही वावगं नाही.

मामा: ठीक. ज्ञान हवं, मान्य. पण ज्ञान मिळवणाऱ्याने खायचं काय? तुझ्या वयाला मला सरकारी क्वार्टर होतं, पगार एक तारखेला होता. तू अजून प्रोजेक्ट संपला की दुसरा शोधतेस. तुझ्या आईला मी तोंड देतो, तुला माहीत नाही.

मी: माहीत आहे. आणि हे मी त्या पोरीला गोड करून सांगणार नाही. नेट पास होऊन पीएच.डी.ची फेलोशिप मिळाली तर महिन्याला 37,000 आणि घरभाडं, तेही ठरावीक वर्षं. प्रोजेक्टवर नुसतं सहायक म्हणून लागलं तर बरंच कमी, आणि करार वर्षाचा. कायम नोकऱ्या थोड्या. संस्थांमधल्या जागा निघतात तेव्हा देशभरातली माणसं तुटून पडतात. घरून थोडा आधार असलेली मुलंच यात जास्त टिकतात, आणि मला हे फार खटकतं. ज्यांच्या शेतात डुक्कर शिरतं त्यांची मुलं या विषयात आली पाहिजेत आणि तीच परवडत नाही म्हणून बाहेर राहतात.

मामा: मग? भारतीय वनसेवेची परीक्षा देऊ दे ना. नाहीतर एमपीएससीची वनसेवा. जंगलही राहील, पगारही. वनसेवेला तुमची वन्यजीवशास्त्राची डिग्री लागतही नाही. प्राणिशास्त्र चालतं, इंजिनिअरिंगसुद्धा चालतं.

मी: द्यायची असेल तर जरूर द्यावी. पण तो वेगळा पेशा आहे. तुमचा किती वेळ वाघात गेला, खरं सांगा?

मामा: (हसून) लाकूड, अतिक्रमण, वणवा, कोर्टाच्या तारखा, व्हीआयपी दौरे. वाघ मेला की मात्र रात्रभर.

मी: तेच. ते काम कमी नाही; त्याच्याशिवाय जंगल उरणार नाही. पण 'असं का होतं' हे शोधायला त्यात सवड नाही. ते कुणीतरी वेगळं करायला हवं आणि त्याने ते तुमच्या टेबलावर आणून ठेवायला हवं.

मामा: ती आणखी एक सांगते. अमेरिकेत म्हणे बारावीनंतर थेट हीच डिग्री मिळते, चार वर्षांची. आपल्याकडे का नाही?

मी: तिथे आहे, कारण तिथे ती डिग्री घेतलेल्याला ठेवून घेणारं खातं आहे. आल्डो लिओपोल्ड या मूळच्या वनाधिकाऱ्यासाठी विस्कॉन्सिन विद्यापीठात 1933 साली शिकारीच्या प्राण्यांच्या व्यवस्थापनाचं अध्यासन निघालं. 1937 साली कायदा झाला, बंदुका नि काडतुसांवरच्या कराचा पैसा राज्यांच्या वन्यजीव खात्यांना जायला लागला. हरणं किती आहेत हे कळल्याशिवाय यंदा किती मारू द्यायची ते ठरत नाही, म्हणून दरवर्षी मोजणारी माणसं लागतात. त्या माणसांसाठी कॉलेजं निघाली. आपल्याकडे 1972च्या कायद्यानंतर शिकार बंद, आणि जंगल सांभाळणारं खातं मुळात लाकडासाठी उभं राहिलेलं. मोजणाऱ्यासाठी वेगळी खुर्ची कधी तयारच झाली नाही.

मामा: म्हणजे अमेरिकेला पाठवू नको.

मी: पदवीसाठी तर नकोच. मला विचाराल तर अठराव्या वर्षी इतकं अरुंद व्हायचं कारणही नाही. प्राणिशास्त्र, वनस्पतिशास्त्र, अकोल्याचं किंवा दापोलीचं वनशास्त्र, अगदी संख्याशास्त्रही, पाया कुठलाही चालतो. वन्यजीवशास्त्र एम.एस्सी.ला घ्यावं. डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था आहे, बंगळूरची एनसीबीएस आहे, अलिगढ विद्यापीठ आहे, तामिळनाडूत मयिलादुथुराईला ए.व्ही.सी. कॉलेज आहे, पुण्याला गरवारेत जैवविविधता आहे. डेहराडून-बंगळूरला जागा वीसच्या आसपास, आणि बॅच दरवर्षी निघेलच असं नाही. नाही लागला नंबर, तर वर्षभर कुठल्या तरी प्रोजेक्टवर काम करावं. त्या वर्षात आपल्याला हे जमतं का, तेही कळतं.

मामा: एक शेवटची हरकत, आणि ही मोठी आहे. समजा, तिने शोधलं. तिचं ऐकतं कोण? माझ्या नोकरीत मी अहवाल पाहिलेत. कपाटात. रस्ता व्हायचा तिथेच होतो, खाण व्हायची तिथेच होते.

मी: पुष्कळदा तसंच होतं. पण नेहमी नाही. पेंचमधून जाणारा नागपूर-जबलपूर हायवे घ्या. कोर्टकचेऱ्या झाल्या, भारतीय वन्यजीव संस्थेने प्राणी कुठून रस्ता ओलांडतात ते अभ्यासून दिलं, आणि महाराष्ट्राच्या बाजूला रस्ता उचलून खालून नऊ वाटा ठेवल्या. तिथल्या कॅमेऱ्यांत वाघ, रानकुत्रे, चितळ, सगळे खालून जाताना आले आहेत. आणि जुन्नरचं तर तुम्हाला माहीतच आहे.

मामा: बिबट्यांचं. तेव्हा आमच्याकडेही हुकूम यायचे, पिंजरा लावा, उचला, लांब सोडा.

मी: 2001 ते 2003, जुन्नर भागात हल्ले वाढले तेव्हा उसातले बिबटे पकडून दूरच्या जंगलांत सोडायला लागले. सगळ्यांना पटणारी गोष्ट. जनावर जंगलातलं, त्याला जंगलात पोचवा. विद्या अत्रेयांनी नोंदी लावून पाहिल्या, तर जिथे सोडले त्या भागांत माणसांवरचे हल्ले वाढले होते. अनोळखी मुलखात टाकलेलं, बिथरलेलं जनावर. पुढे त्यांनी अकोले तालुक्याच्या शेतशिवारात कॅमेरे लावले, तर बिबटे तिथे पिल्लांसकट राहत होते. जंगलातून चुकून आलेले नव्हतेच ते. आणि एक म्हातारा बिबट्या विहिरीतून काढला, गळ्यात कॉलर घातली, माळशेजला सोडला, तर महिनाभरात सव्वाशे-एक किलोमीटर चालून मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानाकडे पोचला. रेल्वे, हायवे ओलांडून, वाटेत कुणाला न दुखावता. त्याच्यावर 'आजोबा' सिनेमा निघाला.

मामा: उर्मिला मातोंडकरचा. पाहिला आम्ही, तुझ्या मामीला आवडला. पण बेटा, पिंजरे अजून लागतातच. लोक रस्त्यावर बसले की डीएफओ काय करेल? लोकांना विज्ञान सांगेल?

मी: नाही सांगू शकणार, ज्याच्या घरातलं माणूस गेलं त्याला तर नाहीच. पण निदान आता पिंजरा लावणाऱ्या अधिकाऱ्याला माहीत असतं की लांब नेऊन सोडणं हा उपाय नाही. पूर्वी तो चांगल्या मनाने चूक करत होता.

मामा: चांगल्या मनाने... होय. आम्ही तेच करत होतो.

खरं तर माझी बाजू एवढीच आहे. जंगलाचं वाईट व्हावं असं सरिस्कातल्या, जुन्नरमधल्या किंवा गुरांना औषध देणाऱ्या कुणालाच वाटत नव्हतं. प्राण्यांवर प्रेम असलेली माणसं आपल्याकडे भरपूर आहेत. आपल्याला जे ठामपणे वाटतं ते खरं आहे का, हे प्राण्याला इजा होण्याआधी तपासून पाहणारी माणसं थोडी आहेत. ती तयार करायला दोन वर्षांची एम.एस्सी. हा काही फार महागाचा सौदा नाही. मामांना मी हे जवळपास याच शब्दांत सांगितलं. ते पटलं की नाही, ते बोलले नाहीत. मग मी मुलीबद्दल विचारलं.

मी: वाघ सोडा. तिला दुसरं काही पडलेलं आहे का? तिच्या डोक्यात प्रश्न कुठला आहे?

मामा: आहे एक वही. दोन खरिपांपासून लिहून राहिली आहे. आपल्या शिवारात धानाच्या कुठल्या बांधीत डुक्कर शिरलं, कधी, किती नासलं. तिचं म्हणणं, नाल्याकडच्या बांध्या जास्त जातात असं सगळे म्हणतात, पण तसं नाही. ज्याच्या बांधावर झुडपं आहेत त्याच्या जास्त जातात. मी म्हटलं, माझ्या पंचनाम्यांच्या नोंदी काढून बघ. तर म्हणे, बाबा, त्यात फक्त तक्रार करणारेच असतात. ज्याने भरपाईचा नाद सोडला, तो त्यात नाही.

मी: हे तिला कुणी शिकवलं?

मामा: कुणी नाही. पण थांब, त्या वहीत एक गडबड आहे. ती फक्त नासलेल्या बांध्याच लिहिते. झुडपं असूनही जिथे डुक्कर शिरलं नाही, अशा बांध्या असतील की नाही? त्या लिहिल्याशिवाय तिचं म्हणणं सिद्ध कसं होणार?

मी: होणार नाही. त्याही लिहाव्या लागतील. झुडपं आहेत पण नुकसान नाही, झुडपं नाहीत पण नुकसान आहे, सगळ्या.

मामा: म्हणजे पूर्ण शिवार फिरावं लागेल. तीनशेच्या वर बांध्या निघतील. तलाठ्याकडून गावनकाशा आणतो मी, आणि आमच्या जुन्या वनमजुराला सोबत घेतो. त्याला प्रत्येक बांधावरचं झुडूप तोंडपाठ आहे. पण त्याचं नाव वहीत पहिल्या पानावर जाईल, हे तिला सांगून ठेव.